पायरव

आमच्या घरात पाय आला तो भाच्याच्या हातातून. वाक्य जरा चमत्कारिक वाटेल, पण त्याला माझा इलाज नाही. ‘रास्पबेरी पाय’ नावाचा एक चिमुकला संगणक असतो. चिमुकला म्हणजे किती, तर लांबी 85 मिलिमीटर, रुंदी 56 मिलिमीटर आणि वजन 45 ग्रॅमच्या आसपास. बँकेच्या पासबुकावर ठेवला तर पासबुकाचे काठ चहूबाजूंनी दिसत राहतील. ना पेटी, ना पडदा, ना कळफलक. नुसती एक हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या टिकल्या, चंदेरी डब्या आणि एका काठाला फणीच्या दातांसारख्या 40 पिना.

भाचा पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाला, तेव्हा निरोप घेताना त्याने हा ऐवज माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, “मामा, हा तुला. फुकट जायला नको.” आमच्या घराण्यात ‘फुकट जायला नको’ हे शब्द कानावर पडले की पुढचं काही ऐकायची पद्धत नाही. मी तो घेतला.

मागाहून त्याची कुळकथा समजून घेतली. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या मंडळींनी, शाळकरी पोरांना स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून हा संगणक काढला. पहिला बाजारात आला तो 29 फेब्रुवारी 2012 रोजी. म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा! ही काटकसर माझ्यातल्या कारकुनाला फार भावली. संगणकाच्या कंपन्यांना फळांची नावं द्यायची जुनी चाल आहे, म्हणून ‘रास्पबेरी’. आणि ‘पाय’ आला तो पायथन या संगणकभाषेवरून. आमचा पाय तिसऱ्या पिढीतला, 2016 साली निघालेल्या वाणाचा.

सौभाग्यवतींनी तो दोन बोटांत धरून उलटासुलटा पाहिला आणि म्हणाल्या, “आणलाय खरा घरात. आता पायगुण कसा निघतो बघायचं.”

पायगुण आठ दिवसांत दिसला.

त्याचं असं झालं. आमच्या घरी एक कॅसेट आहे. 1987 साली, जुन्या वाड्यात, कोणीतरी आखाती देशातून आणलेल्या टू-इन-वनवर आईचा आवाज भरून घेतलेला. आई काही गायिका नव्हती. पहाटेची भूपाळी, जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, असलं तिचं भांडार. पण घरात नवं यंत्र आलं, की त्याची परीक्षा घरातल्या बाईवर घ्यायची रीत होती, तेव्हा तिला समोर बसवलं आणि बटण दाबलं. आई 2009 साली गेली. टू-इन-वन तिच्याही आधी गेला होता. कॅसेट मात्र नानांच्या कपाटात, धोतरांच्या घडीखाली जपून ठेवलेली.

भाच्याने जाण्यापूर्वी कुठूनतरी एक कॅसेट-प्लेअर पैदा करून ती कॅसेट संगणकात उतरवून दिली होती. मी ठरवलं, की या पायाला नानांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर जोडायचा, गाण्यांची यादी दिसावी म्हणून टीव्ही जोडायचा, आणि रोज संध्याकाळी नानांना आईचं गाणं ऐकवायचं. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला याहून मोठी तांत्रिक महत्त्वाकांक्षा असू नये.

रविवारी संध्याकाळी उद्घाटन झालं. नाना इस्त्रीचा सदरा घालून आले. वय वर्षं ब्याऐंशी. मी फीत कापल्याच्या थाटात कळ दाबली. आई गाऊ लागली. पण एकटी नाही! तिच्या मागे कोणीतरी पिठाची गिरणी चालवत होतं, गिरणीत एक भुंगा अडकला होता, वरच्या पट्टीत एक पाल होती, आणि मधूनच कोणीतरी काहीतरी मोडत होतं. पाच मिनिटं नाना हाताचा द्रोण कानामागे धरून बसले. मग उठले.

“राहू दे रे,” म्हणाले. “एवढ्या गोंगाटात ती कधी गायली नाही.”

आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बोलावलं तर म्हणाले, पाय दुखतात. कोणता पाय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्या रात्री मी भाच्याला जर्मनीत गाठलं. त्याने शास्त्रशुद्ध प्रश्न केला, “मामा, आवाज कसला आहे? बझ, हम, हिस की व्हाइन?”

आता, आवाजाच्या बाबतीत मराठी माणसाला इंग्रजीकडे उसनवारीला जायची वेळ कधीच येत नाही. मी सांगितलं, “घरघर आहे, गुणगुण आहे, चुकचुक आहे, आणि मधूनच एक कट्ट आहे. शिवाय तुझी मामेबहीण म्हणते की किरकिर पण आहे, पण ती मला ऐकू येत नाही.”

“एवढे आवाज त्या पाटीतून येणं शक्यच नाही,” भाचा म्हणाला. “त्यात हलणारा एकही भाग नाही, मामा. चकती नाही, मोटर नाही. साठवण आहे ती नखाएवढ्या कार्डावर. तो मुका प्राणी आहे.”

“मग बोलतोय कोण?”

“बोर्डाचा फोटो पाठव.”

फोटोवरून आठवलं. आमच्या पायाच्या थोरल्या भावाची, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या पायाची एक गंमत आहे. तो फेब्रुवारी 2015 मध्ये निघाला, आणि लोक कौतुकाने त्याचे फोटो काढू लागले. तर झेनॉन फ्लॅशचा लखलखाट झाला, की स्वारी जागच्या जागी बेशुद्ध! त्याच्या वीजपुरवठ्याची एक चिप उघडी होती. प्रखर उजेड आतल्या सिलिकॉनवर पडला, की प्रकाशाने वीज उत्पन्न होऊन तिची मती गुंग व्हायची. उपाय काय, तर तिच्यावर चिकट लगद्याचा गोळा थापणे. मला हे वाचून बरं वाटलं. साहेबाच्या देशातसुद्धा शेवटी भोक बुजवायला लांबीच लागते.

दरम्यान बातमी सोसायटीत पसरली आणि तज्ज्ञ जमू लागले. वीज मंडळातून निवृत्त झालेले काका म्हणाले, अर्थिंग. ते कुठल्याही दुखण्यावर अर्थिंगच सांगतात. त्यांच्या जावयाची नोकरी गेली तेव्हाही त्यांनी बहुतेक तेच सांगितलं असावं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी यंत्र आग्नेयेला हलवायला सुचवलं. सौभाग्यवतींनी ‘चुकचुक’ एवढंच ऐकून, झाडू घेऊन टीव्हीमागची पाल हुडकायला सुरुवात केली. पाल सापडली नाही, पण 2019 साली हरवलेली गॅसची पावती सापडली.

मी स्वतः एका रविवारी सगळे उपाय एकदम केले. चार्जर बदलला, वायर बदलली, जागा बदलली, स्पीकर उलटा केला. आवाज कमी झाला! पण कशामुळे ते कळेना. म्हणून सगळं पहिल्यासारखं करून पाहिलं, तर कमी झालेला आवाज परत आला आणि येताना एक नवा घेऊन आला.

त्या रात्री अंथरुणावर पडलो असताना मला आमचे पहिले हेडक्लार्क आठवले.

2001 साली मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या खेड्यातल्या शाखेत अजून जाडजूड लेजरं होती. संध्याकाळी जमा आणि नावे जुळली नाहीत, की कोणी घरी जायचं नाही. पहिल्याच महिन्यात माझा 45 रुपयांचा फरक आला. मी घाबरून सगळी पानं एकदम उलटू लागलो. हेडक्लार्कनी माझा हात धरला. म्हणाले, “असा झाडाझडती घेऊ नका. फरकाला नऊनं भागा. भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत. 72 चे 27 झाले की फरक 45 चाच येतो. भाग नाही गेला तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. जमेची नोंद नावे पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. आणि एक लक्षात ठेवा. चूक शोधायची नसते. जे बरोबर आहे ते एकेक बाजूला काढायचं असतं. मागे जे उरतं, ती चूक.”

मी पावणेआठच्या शेवटच्या एस्टीने घरी गेलो, पण फरक सापडून गेलो. 72 चे 27 च निघाले. आणि आज वीसबावीस वर्षांनी एका हिरव्या पाटीपुढे मी सगळी पानं एकदम उलटत होतो! मी उठलो, वहीचं कोरं पान घेतलं आणि पाच आवाजांची पाच खाती उघडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लिहून ठेवायची, जागच्या जागी परत लावायची, मगच दुसरी. लेकीला मदतनीस नेमलं. तिचं वय तेरा आणि कान नवे कोरे.

पहिलं खातं घरघरीचं. आवाज नेमका कुठून येतो ते पाहायला मी जुन्या कॅलेंडरच्या पानाची पुंगळी केली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं पाटीवर इकडून तिकडे फिरवलं. डॉक्टरची नळी तत्त्वतः हेच करते. नेमक्या त्याच वेळी कामाच्या मावशी आत आल्या. यजमान एका हिरव्या बिस्किटाची नाडी तपासताहेत, हे पाहून त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “वहिनी, साहेबांचं बरं आहे ना?”

बरं होतं. पुंगळी पंख्यापाशी येताच घरघर कानात घुसली. मी हौसेने जी प्लास्टिकची पेटी मागवली होती, तिच्या झाकणात रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा एक पंखा होता. पाय मुका खरा, पण त्याच्या डोक्यावर मीच गिरणी बसवली होती. पंख्याची लाल तार पाच व्होल्टच्या पिनेवरून काढून 3.3 व्होल्टच्या पिनेवर लावली, तर पंखा संथ झाला आणि घरघरीची कुजबुज झाली. मग भाच्याने सांगितलं, की नुसती गाणी वाजवायला पंख्याची गरजच नाही. 80 अंश सेल्सिअसच्या घरात तापला, की पाय आपोआप वेग कमी करतो. तापमान पाहिलं तर पन्नासही नव्हतं. पंखा काढला. पहिलं खातं बंद.

दुसरं खातं गुणगुणीचं. ही स्पीकरमधून यायची, आई गात असो वा नसो. एकेक वायर काढून पाहिली. टीव्हीची वायर काढली, गुणगुण बंद. लावली, सुरू. मग टीव्हीची वायर तशीच ठेवून गच्चीवरून सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल तेवढी काढली, तरी बंद! इथे मला वीज मंडळाच्या काकांची क्षमा मागावी लागली, कारण प्रकरण खरोखरच अर्थिंगचं होतं. नानांच्या अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग आहे. त्याची जमीन आमच्या घरातली. गच्चीवरच्या केबलची जमीन दुसरीकडेच कुठेतरी. दोन जमिनींच्या विजेत थोडा फरक असतोच, आणि पायाच्या मार्गाने दोन्ही जोडल्या गेल्या, की तो फरक गाण्याच्या वायरीतून ये-जा करायला लागतो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. तेच हेलकावे स्पीकरातून गुणगुणतात. मला हे फार चटकन समजलं. दोन शाखांची आपापसातली खाती जुळली नाहीत, की फरकाची चिठ्ठी वर्षानुवर्षं या शाखेतून त्या शाखेत फिरत असते, तशातली गत. टीव्हीची वायर कायमची काढली. यादी फोनवरही दिसते. दुसरं खातं बंद.

तिसरं चुकचुकीचं. पाय काही काम करू लागला, की ही पाल बोलायची. यादी पुढे सरकवली तरी चुक-चुक-चुक. इथे मात्र मामला पायाच्या स्वभावाचा होता. आमच्या पायाच्या हेडफोनच्या भोकामागे आवाज बनवणारी वेगळी चिप नाही. किंमत बेताची, तेव्हा गळाही बेताचा. तो काय करतो, तर विजेची कळ अतोनात वेगाने चालू-बंद, चालू-बंद करतो, आणि त्या उघडझापेतून गाण्याचा आभास निर्माण करतो. साहजिकच पाटीवरच्या इतर गडबडीचे पडसाद त्यात मिसळतात. उपाय काहीशे रुपयांचा. यूएसबीच्या खाचेत बसणारं, अंगठ्याएवढं एक साउंड कार्ड मिळतं. ते बसवलं आणि पालीने घर सोडलं. सौभाग्यवतींनी झाडू जागेवर ठेवला.

आता राहिली किरकिर. हे खातं मी उघडलं होतं ते लेकीच्या शब्दाखातर. ती म्हणायची, “बाबा, डोक्यात जाते ती किरकिर,” आणि मला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मला वाटायचं, अभ्यास टाळायची ही नवी युक्ती. पण तिचा शोध माझ्याहून पक्का निघाला. तिने पाय पूर्ण बंद केला आणि म्हणाली, “बंद केल्यावर तर जास्तच येते.” पाय बंद, तरी आवाज सुरू, म्हणजे आरोपी पाय नव्हेच. तिने भिंतीतल्या चार्जरकडे बोट दाखवलं. मोबाइलचा, जुना, एक अ‍ॅम्पिअरचा. पायाला लागतात अडीच. टीव्हीवर मधूनमधून विजेची पिवळी खूण उमटायची ती यामुळेच, पुरवठा 4.63 व्होल्टच्या खाली घसरला, की पाय ती खूण दाखवून भूक लागल्याचं सांगत असतो. मला वाटलं होतं, ते हवामान आहे.

आणि किरकिर? चार्जर विजेचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो. त्या ठोक्यांनी त्याच्यातलं वेटोळं आणि चिनीमातीच्या जातीचे बारीक कपॅसिटर थरथरतात. काही स्फटिकांवर दाब दिला, की वीज निर्माण होते, हे प्येर आणि झाक क्यूरी या भावांनी 1880 साली दाखवलं होतं. वीज दिली की ते आकसतात-पसरतात, ही त्याचीच उलट बाजू. चार्जर कामात असतो तेव्हा हे ठोके माणसाच्या कानापलीकडचे असतात. काम नसलं की तो थांबून थांबून ठोके देतो, आणि ते ऐकू येण्याच्या टप्प्यात उतरतात. काम नसल्यावरच किरकिर करणं हा गुण फक्त चार्जरचा नाही, हे मी आमच्या शाखेचं नाव न घेता नमूद करतो.

चार्जर बदलला. लेक म्हणाली, “गेली.” मला आधीही शांत होतं, नंतरही शांतच. मग मात्र मी बेचैन झालो.

लेकीने पायावरच एक परीक्षा मांडली. स्पीकरातून एकाच उंचीचा सूर सोडायचा आणि तो चढवत न्यायचा. माणसाचा कान म्हणे सेकंदाला 20 कंपनांपासून 20,000 पर्यंत ऐकतो. हे झालं पुस्तकातलं. वय वाढतं तसे वरचे मजले एकेक करून बंद होतात. ब्रिटनमध्ये यावर धंदाही झाला. वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या गृहस्थाने 2005 साली ‘मॉस्किटो’ नावाचं यंत्र काढलं. दुकानापुढे रेंगाळणाऱ्या पोरांनाच ऐकू येईल असा वरच्या पट्टीचा किरकिराट करून ते त्यांना पिटाळायचं आणि मोठ्यांना पत्ताही लागायचा नाही. 2006 साली त्यांना इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं!

लेक 17,000 पर्यंत हात वर करून बसली होती. माझा हात 12,000 ला खाली आला. आम्ही हसलो. मग ती म्हणाली, “नाना, तुम्ही या ना.”

नाना आले. तिने खालपासून सुरुवात केली. पाचशे, हजार, दोन हजार. नाना मजेत हात वर करून. तीन हजार. चार हजाराच्या जरा आधी त्यांचा हात खाली आला, आणि ते आमच्याकडे बघत म्हणाले, “बंद केलंस का?”

सूर चालूच होता. चांगला खणखणीत.

मी ते खातं लिहून ठेवलं नाही. नंतर वाचलं, की ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांचा जीव बराचसा त्या चार हजारांच्या वरच्या मजल्यांवर राहतो. खालचे मजले शाबूत असले, की माणूस बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. म्हणजे नाना जे दोन वर्षं म्हणत होते, की तुम्ही सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता, ते त्यांच्यापुरतं अगदी खरं होतं. आणि मी जे दोन वर्षं म्हणत होतो, की नाना मुद्दाम लक्ष देत नाहीत, तो माझा फरक होता. जमेची नोंद मी नावे टाकत आलो होतो. दुप्पट दिसणारच.

आता खात्यात शेवटची नोंद उरली. कट्ट.

हा आवाज सगळे उपाय करून संपलो तरी यायचाच. पण त्याची एक तऱ्हा होती. भूपाळी कितीही वेळा लावा, तो दुसऱ्या कडव्याच्या अखेरीस दोनदा, आणि तिसऱ्याच्या मध्यावर एकदा यायचा. दर वेळी तिथेच. लेक म्हणाली, “बाबा, रोज एकाच जागी येतो तो यंत्राचा नाही. तो गाण्यातच आहे.” हेडक्लार्कनी तिची पाठ थोपटली असती.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं स्पीकरला कान लावून तो कट्ट पुन्हापुन्हा ऐकत होतो. घरघर नाही, गुणगुण नाही, चुकचुक नाही. कॅसेटची तेवढी हलकी सुस्कार. आई जितकी होती तितकीच ऐकू येत होती. नाना मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही.

“काय शोधताय?”

मी त्यांच्या समोर, तोंड दिसेल असा वळून सावकाश सांगितलं. हे नवीन शिकलो होतो.

नाना वाकले. कानाचा द्रोण केला आणि स्पीकरच्या जाळीला टेकले. दुसरं कडवं संपत आलं. कट्ट. कट्ट.

“अडकित्ता आहे तो,” नाना म्हणाले. “माझा. मी शेजारी बसून सुपारी कातरत होतो.”

तिसरं कडवं आलं. कट्ट. आणि त्यानंतर, आजवर गुणगुणीखाली बुडालेलं, गाण्याच्या दोन ओळींमधल्या श्वासात आईने दबक्या आवाजात घाईघाईने म्हटलेलं एक वाक्य लेकीला ऐकू आलं आणि मग मलाही. “अहो, ठेवा ना तो बाजूला!” आणि लगेच पुढची ओळ, जणू काही झालंच नाही.

नानांना ते शब्द लागले नसावेत. ते आमच्या तोंडाकडे पाहत होते. लेकीने त्यांच्या कानाशी जाऊन ते जसंच्या तसं, त्याच रागाने म्हणून दाखवलं. नाना हसायला लागले. सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले, “नाही ठेवला. तिसऱ्या कडव्यानंतरही एकदा कातरली होती. नीट ऐका, येईल.”

आली.

रात्री भाच्याला सगळा अहवाल दिला. तो खूश झाला. म्हणाला, “मामा, तो शेवटचा टिकटिक आवाज सॉफ्टवेअरने काढता येतो. फाइल पाठव, दहा मिनिटांत पुसून देतो.” मी म्हटलं, पाठवतो हं. पाठवली नाही. बँकेत इतकी वर्षं काढली, पण सापडलेला फरक जाणूनबुजून तसाच ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

कानाच्या डॉक्टरकडे जायला नाना अजून तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, ज्याचं ऐकायचं ते ऐकू येतंय. पुढच्या शनिवारची वेळ मी तरीही घेऊन ठेवली आहे. पाय आता रोज संध्याकाळी सात वाजता, अगदी पाय न वाजवता आपलं काम करतो. नाना समोर खुर्चीत बसतात. कपाटातून अडकित्ता शोधून काढला आहे; सुपारी खायला दात नाहीत, म्हणून नुसताच हातात धरतात. दुसरं कडवं संपत आलं, की हात उचलतात आणि आईच्या बरोबरीने वाजवतात.

ताल मात्र दर वेळी चुकतो. आई तेवढ्यासाठीच ओरडली असणार.